वीस मिनिटं कुणाच्या मालकीची?

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'योगाभ्यास : सुरुवात आणि सातत्य' असा विषय लिहिला आहे. सकाळपासून आपण पोटगीचे दावे, रेशनकार्ड, आशांचा मोबदला यांवर बोलतोय. त्यामुळं काहीजणींच्या मनात आलं असेल, की हे मधेच काय काढलं? जेवणानंतर डुलक्या लागू नयेत म्हणून कवायत दिसतेय! तसं नाही. हा विषय मी आयोजकांकडं मागून घेतला. गेली वीस वर्षं मी सल्ला केंद्रात बसते आणि जवळजवळ तितकीच वर्षं रोज सकाळी थोडा योगाभ्यास करते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला सांगायचंय. बाई घरात सतरंजी टाकून वीस मिनिटं स्वतःसाठी बसली, की घरात कोण काय म्हणतं ते बघा. आपल्या चळवळीचे निम्मे प्रश्न तिथं हजर असतात.

व्यायामाची परंपरा कुणाची?

आपले दोन्ही जिल्हे व्यायामाच्या बाबतीत मागं नाहीत. रामदासांच्या अकरा मारुतींतले बरेचसे याच पट्ट्यात आहेत. गावोगाव तालमी आहेत. पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत आपली आजी कधी गेली होती का? तालीम पोरांची, आणि तालमीतल्या पोरांना लागणारं दूध, भाकरी, धुणं बायांचं, अशी वाटणी होती. अलीकडं मुली कुस्ती खेळतात, धावतात. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यतीपर्यंत पोचली. याचा मला अभिमान आहे. पण खेळाडू होणं वेगळं, आणि चार लेकरांच्या आईनं आपल्या शरीरासाठी रोज वेळ काढणं वेगळं. मी या दुसऱ्या बाईबद्दल बोलतेय.

तुमच्यापैकी ज्या खटाव, आटपाडी, पलूस या भागांतून आल्यात त्यांना औंध संस्थान ठाऊक असेल. संस्थान सलग नव्हतं, तुकड्यातुकड्यांचं होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्काराचा त्यांना ध्यासच होता. स्वतः रोज घालत, घरातल्यांना घालायला लावत, आणि संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. मुलींनासुद्धा. बाईनं व्यायाम करणं हीच जेव्हा कुचेष्टेची गोष्ट होती, तेव्हा त्यांनी राजवाड्यातल्या बायकांनाही नमस्कार घालायला सांगितले, हे मान्य केलं पाहिजे. १९२८ साली त्यांचं नमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. १९३८ साली लंडनमध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईनं त्यावर आधारलेलं पुस्तक संपादित केलं. त्यांच्या नमस्कारात दहा स्थिती, म्हणून त्याला 'आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग' अशा अर्थाचं नाव दिलं. आज जगभर सूर्यनमस्कार घातले जातात, त्याच्या मुळाशी आपल्या या दुष्काळी भागातलं एक लहानसं संस्थान आहे.

माझं माहेर आटपाडीकडचं. माझी आई त्या शाळेतली. नमस्काराच्या दहाही स्थिती तिला सत्तरीत तोंडपाठ होत्या. खुर्चीत बसून ती माझ्या चुका काढायची. मी तिला एकदा विचारलं, "लग्नानंतर घातलेस का गं कधी?" ती म्हणाली, "सासऱ्याम्होरं पालथं पडू व्हय?" विषय संपला.

मला ते उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. तिला नमस्कार येत होते, अंगात ताकद होती, आळस तर तिच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. तरी तिचा अभ्यास सुटला, कारण तिला पालथं पडायला स्वतःची जमीन नव्हती. याच बाळासाहेबांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानचा कारभार लोकांच्या हाती दिला. गावात पंचायती आल्या. घरातली सत्ता मात्र होती तिथंच राहिली. शाळेत राजाच्या हुकमानं आलेला व्यायाम सासरच्या हुकमानं गेला. हुकमानं आलेली गोष्ट टिकत नाही, हा त्यातला आपल्यासाठी धडा. आजही २१ जूनला हुकूम सुटतात. २०१५ पासून हा दिवस योग दिन म्हणून पाळला जातो. शाळा, कचेऱ्या, मैदानं भरतात, फोटो निघतात. आपल्याकडं तेव्हा मृग संपून आर्द्रा लागायची वेळ, पेरणीची घाई. बाया रानात असतात. बावीस तारखेला कोण सतरंजी टाकतं, हा खरा प्रश्न आहे.

शवासन सगळ्यांत अवघड का?

नव्या बाया मला विचारतात, "ताई, सगळ्यांत अवघड आसन कोणतं?" मी सांगते, शवासन. त्या हसतात. पण करून बघा. बाई भरदिवसा जमिनीवर उताणी पडलेली दिसली, की सासू विचारते, "बरं नाही का?" नवरा विचारतो, "काय झालं?" लेकरू येऊन पोटावर बसतं. बाईनं आडवं व्हायला दोनच कारणं समाजाला मान्य आहेत, आजारपण आणि रात्र. तिसरं कारण सांगितलं, की ती आळशी. आणि हा आवाज फक्त घरातल्यांचा नसतो. तो आपल्याच डोक्यातही असतो. डोळे मिटले, की भिजत घातलेली डाळ दिसते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, ते मिनिटांत मोजलं. घरकाम करणाऱ्या बायांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांची ९७ मिनिटं. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचे. असे पुरुष शंभरात सव्वीस. शेतातली, कारखान्यातली, अंगणवाडीतली नोकरी यात धरलेली नाही. तेव्हा "बायांना व्यायामाचा कंटाळा असतो" असं कुणी म्हणालं, तर हे आकडे त्याच्यापुढं ठेवा.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की सुरुवात आसनापासून करू नका, वेळेपासून करा. घरात आधी जाहीर करा. "उद्यापासून सहा ते सव्वासहा मला हाक मारायची नाही." चोरून केलेला अभ्यास चोरीसारखाच होतो, अर्धं लक्ष दाराकडं. पंधरा मिनिटंच सांगा, पण सांगा. पहिल्या आठवड्यात हाका येतीलच. दूध उतू जाईल. जाऊ द्या. ते उतू गेलेलं दूध पुसायला घरातला दुसरा कुणी उठला, की समजा आसन जमलं.

जागेचंही तसंच. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठली? पण साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद जमीन लागते. आमच्या एका मैत्रिणीनं धान्याची कणगी हलवून ती जागा मिळवली. दुसरी घराच्या मागं गोठ्याजवळ बसते. तिसरी तर सरळ मंदिराच्या सभामंडपात जाते. साडी आवरत करायची गरज नाही, सलवार किंवा जुना गाऊन आणि आत चड्डी पुरते. शिबिरात हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, म्हणून मीच सांगितला.

आपलं शरीर, आपलं काम

आता आसनांकडं येऊ. पुस्तकं, व्हिडिओ भरपूर आहेत. त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की माणूस दिवसभर बसलेला आहे आणि त्याला हलवायचं आहे. बाळासाहेबांच्या नमस्काराचंही तसंच. विद्यार्थी, कारकून, दरबारी मंडळी यांना तो उत्तम. आपल्यातल्या ज्या कचेरीत किंवा शिलाई मशीनवर बसतात, त्यांनाही उत्तम. सहा नमस्कारांनी सुरुवात करून बारापर्यंत जा.

पण जी बाई दिवसभर भांगलण करून आली आहे, तिला संध्याकाळी पुन्हा वाकायला सांगायचं? तिची कंबर आठ तास वाकलेलीच होती. तिनं पालथं झोपावं, हातांवर कपाळ टेकवावं आणि पाच मिनिटं पोटात श्वास घ्यावा. हे मकरासन. मग कोपरं जमिनीवर ठेवून छाती थोडी उचलावी. त्यानंतर उताणं होऊन पोटऱ्या खाटेवर ठेवाव्यात, कंबर जमिनीला टेकू द्यावी. एवढंच. तासगावकडच्या मैत्रिणींचं दुखणं उलटं. द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणीला हात वर आणि मान वर करून त्या तासन् तास उभ्या असतात. त्यांनी मान मागं टाकणारी आसनं करू नयेत. बसून खांदे सावकाश गोल फिरवावेत, कान खांद्याकडं न्यावा, हात खाली सैल सोडावेत. उसाची मोळी किंवा सरपण डोक्यावर वाहणारीनं डोक्यावर भार देणारी आसनं, शीर्षासन वगैरे, मुळीच करू नयेत. तिच्या मानेनं पुरेसं ओझं उचललंय.

म्हणजे नियम सोपा आहे. दिवसभर शरीर ज्या बाजूला वळलं, अभ्यासात त्याच्या उलट बाजूला न्या, आणि आधी विसावा द्या. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी १९८३ साली खास बायकांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ यांत अभ्यास कसा बदलायचा, याचा त्यांनी विचार केला. त्यांच्या पद्धतीत लोड, खुर्ची, दोर, भिंत यांचा आधार घेतात. आपल्याकडं घडी घातलेली वाकळ, पाट आणि भिंत आहे, तेवढ्यावर चालतं.

काही गोष्टी स्पष्ट बोलते. अंग बाहेर येण्याचा त्रास आपल्यातल्या अनेकींना असतो आणि त्या वर्षानुवर्षं बोलत नाहीत. बाळंतपणानंतर लगेच जड कामं, जड उचलणं यांनी तो वाढतो. अशा बाईनं पोटावर जोर येणारे प्रकार, जोरजोरात कपालभाती, टाळावेत. लघवी अडवताना जे स्नायू आपण आवळतो, ते आवळून पाच अंक मोजायचे आणि सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. सुरुवातीच्या टप्प्यात याचा उपयोग होतो. पण डॉक्टरांना दाखवायचंच, लाजायचं नाही. गरोदरपणात, रक्तदाब जास्त असताना, हृदयाचा त्रास असताना कपालभाती आणि श्वास कोंडणं बंद. पाळीत अंग सांगेल तसं करा, दमवणारं टाळा. विटाळ म्हणून मात्र सतरंजी गुंडाळू नका.

आणि चक्कर येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर आधी रक्त तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या बाईला प्राणायाम सांगणं म्हणजे रिकाम्या डेऱ्यात रवी फिरवणं. लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण आधी. सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवायचं नाही, हाही योगाचाच पाठ समजा.

आणखी एक. आपल्या गटांत सगळ्या जातींच्या, धर्मांच्या बाया आहेत. मिरजेच्या बैठकीत एका मैत्रिणीनं विचारलं, "मंत्र म्हणावा लागेल का?" मी म्हटलं, एक, दोन, तीन मोजा. ज्यांना मंत्र म्हणायचा त्यांनी मनात म्हणावा. शरीर ताणण्यासाठी कुणाला आपला धर्म दाराबाहेर ठेवावा लागू नये, आणि दुसऱ्याचा आत घ्यावा लागू नये.

खंड पडतो, मग?

पतंजलींनी अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत. तो पुष्कळ काळ व्हावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरानं व्हावा. पहिली आणि तिसरी मी समजू शकते. दुसरीपाशी मी बरेच दिवस अडले. खंड पडू नये हे सांगणं सोपं, पण बाईचा वेळ तिच्या हाती असतो कुठं? बाळंतपण, सुगी, पाहुणे, कुणाचं आजारपण, कुणाचं मरण. सगळ्यांच्या वेळा जोडत जोडत तिची वेळ फाटते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत, पलूस-वाळव्याच्या गावांत घरं बुडाली. पाणी ओसरल्यावर चिखल काढणं, धान्य वाटणं, पंचनाम्यासाठी तलाठ्याकडं बायांची रांग लावणं यात आम्ही कित्येक आठवडे होतो. सतरंजी कुठली आणि सकाळ कुठली! पण रात्री शाळेच्या वर्गात झोपायच्या आधी आम्ही चौघी-पाचजणी भिंतीला पाय लावून पाच मिनिटं पडायचो. कुणी बोलायचं नाही. त्या काळात तेवढंच केलं. दिवाळीनंतर पुन्हा सतरंजी टाकली, तेव्हा शरीर ताठलं होतं, पण सवय जागेवर होती.

तेव्हा मला 'खंड नाही' याचा अर्थ लागला. दोन माप ठेवा. एक बऱ्या दिवसाचं, वीस मिनिटांचं. दुसरं वाईट दिवसाचं, पाच मिनिटांचं, जे पुरातही होईल, दवाखान्यात रोग्याच्या उशाशी बसूनही होईल. लांब श्वास सोडणं एवढंही चालेल. मोठं माप चुकलं तरी लहान चुकवायचं नाही. आणि तेही चुकलं, एक महिना गेला, तर स्वतःला शिव्या घालत बसू नका. जिथं सोडलं तिथून न धरता त्याच्या निम्म्यावरून सुरू करा. गायछाप डायरीत तारखेसमोर एक टिंब द्या. आमच्याकडं काहीजणी लिहिता येत नाही म्हणून भिंतीवर कोळशाची रेघ ओढतात. महिन्याच्या शेवटी रेघा मोजताना तोंडावर जे हसू येतं ते बघण्यासारखं असतं.

आणि जोडीदारीण शोधा. एकटीची शिस्त लवकर मोडते. शेजारची, बचत गटातली, कुणीही. "झालं का गं?" एवढं विचारणारी एक बाई असली, की पुष्कळ होतं.

योगानं काय होणार नाही

शेवटी सावध करते. हल्ली कामाच्या ठिकाणी बायांना 'ताणमुक्ती'ची शिबिरं देतात. आशा, अंगणवाडी सेविका यांच्यावर नवनवीन नोंदी, नवनवीन ॲप लादायची, मोबदला थकवायचा, आणि वर सांगायचं, श्वास घ्या, शांत व्हा. सल्ला केंद्रात मार खाऊन आलेल्या बाईलाही कुणीतरी सांगितलेलं असतं, "ध्यान कर, तुझा राग जाईल." तिचा राग खरा आहे. तो जाण्याची गरज नाही, तो कामी लावण्याची गरज आहे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, आपण आहोत. मारणाऱ्याला तसंच ठेवून मार सोसायला शिकवणारा योग आपल्याला नको.

मग तिला योगाचा काहीच उपयोग नाही का? आहे. आमच्या केंद्रात तारखेच्या आधी ज्या बायका थरथरत असतात, त्यांना आम्ही भिंतीला पाठ टेकवून बसवतो. सावकाश श्वास सोडायला सांगतो. पाय जमिनीला लागले आहेत हे बघायला सांगतो. मग ती कोर्टात आपलं म्हणणं नीट सांगू शकते. श्वास तिला गप्प बसवायला नाही, बोलायला मदत करतो. एवढा फरक मनाशी पक्का ठेवा.

या सांगली जिल्ह्यात १९८० च्या दशकात परित्यक्ता बायांची चळवळ उभी राहिली. घर, जमीन, रेशनकार्डावर स्वतःचं नाव, अशा त्या मागण्या होत्या. आपल्यातल्या काही ज्येष्ठ मैत्रिणी त्यात होत्या. त्या मैलोन् मैल चालल्या, रात्री मोर्चाच्या भाकरी भाजल्या. आज त्यांचे गुडघे, कंबर बोलतात. चळवळीसाठी शरीर झिजवणाऱ्या बायांच्या शरीराची काळजी चळवळीनं घेतली नाही, तर कोण घेणार? म्हणून मी याला एकटीचा विषय मानत नाही. माझी संघटनेकडं तीन कामं आहेत. प्रत्येक मासिक बैठकीत पहिली वीस मिनिटं सतरंजीवर जावीत. ती वेळ 'उशिरा येणाऱ्यांसाठी' म्हणून गिळायची नाही. प्रत्येक गावगटानं जोड्या लावाव्यात. आणि गावात समाजमंदिर, शाळेचा वर्ग, ग्रामपंचायतीचं सभागृह यांतली एक जागा सकाळी एक तास बायांसाठी मागावी. अर्ज लेखी करा, पोच घ्या. तालमीला जागा देताना ग्रामपंचायतीनं कधी विचार केला नाही, आपल्यालाही विचारात पाडायची गरज नाही.

बोलणं पुरे. बाहेर ओसरीत सतरंज्या टाकल्या आहेत. ज्यांची कंबर दुखतेय त्या डावीकडं, मान दुखतेय त्या उजवीकडं. मोबाइल पिशवीत ठेवा. आणि घरून फोन आला, तर वीस मिनिटांनी उचला.